अपक्षाला व्हिप कोणाचा?

नोव्हेंबर २०२४. सोयाबीन घरात येऊन पडलं होतं, कापसाची वेचणी चालू होती, आणि दिवेलागणीला आमच्या गावच्या पारावर एक अपक्ष उमेदवार आला. पोरगा चांगला. शिकलेला, घरचं वावर सांभाळणारा, दहा गावांत कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. झेंडा नाही, नेता नाही. गाडीवर एक भोंगा आणि सोबत सात-आठ मित्र. वीस मिनिटं बोलला. दोन्ही आघाड्यांनी शेतकऱ्याला कसं वाऱ्यावर सोडलं ते त्याने सांगितलं, आणि तळमळीने सांगितलं. बोलणं संपल्यावर मागून एक म्हातारे उठले. धोतराचा सोगा सावरत म्हणाले, “सारं बराबर हाय बाप्पा. पन निवडून आला तं कोनाच्या बाजूनं बसशीन?”

पोरगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, “काका, मी जनतेच्या बाजूनं बसीन.”

टाळ्या पडल्या. म्हातारे खाली बसले. आपल्याला उत्तर मिळालं नाही हे त्यांना कळलं होतं, पण टाळ्यांच्या वर आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्या रात्रीपासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कारण विधानसभेत जनतेची म्हणून वेगळी बाकं नसतात. एक बाजू सत्तेची, दुसरी विरोधाची. विश्वासदर्शक ठराव आला की हो म्हणायचं, नाही म्हणायचं, किंवा तटस्थ राहायचं. चौथी वाट नाही. आणि जो माणूस कोणत्याच पक्षाचा नाही, तो यातली कोणती वाट धरेल हे मतदाराला कळायचा एकच मार्ग आहे: त्याने ते मत मागतानाच सांगणं.

अपक्षांबद्दल मला आस्था आहे, हे आधीच सांगतो. पक्षाचं तिकीट म्हणजे काय चीज असते आणि ती कशी मिळते, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिकीट नाकारून किंवा न मागता स्वतःच्या नावावर उभं राहायला छाती लागते. शिवाय नियमही त्याच्या बाजूचे नाहीत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. मतदानयंत्रावर त्याचं नाव सगळ्या पक्षांच्या खाली येतं. चिन्ह मिळतं ते अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर. त्या निवडणुकीत ही मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि प्रचार १८ ला बंद झाला. म्हणजे ज्या चिन्हावर लोकांनी बटण दाबायचं, ते घरोघरी पोचवायला दोन आठवडे. आमच्या पोराने पत्रकं आधीच छापून घेतली होती, चिन्हाची चौकट कोरी ठेवून. मग चिन्ह मिळाल्यावर मित्रांनी बसून हजारो पत्रकांवर रबरी शिक्के मारले. माझ्या हातात आलेल्या पत्रकावरचा शिक्का तिरपा होता आणि शाई बोटाला लागत होती.

उमेदवाराच्या खर्चाला ४० लाखांची मर्यादा, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. अपक्षाच्या पाठीशी पक्षच नसल्यामुळे ही सवलत त्याच्या वाट्याला येत नाही. एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही तर १० हजारांची अनामतही जाते. आणि बहुतेकांची जातेच.

पण या अडचणी सांगून झाल्यावरही म्हाताऱ्यांचा प्रश्न जागेवरच राहतो.

त्या निवडणुकीत राज्यात ४,१३६ उमेदवार होते. त्यातले २,०८६ अपक्ष, म्हणजे निम्म्याहून जास्त. निवडून आले दोन: जुन्नरचे शरद सोनवणे आणि चंदगडचे शिवाजी पाटील. दोघेही त्या वेळी आपापल्या पक्षाचं तिकीट न मिळाल्याने उभे राहिलेले. ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. अपक्ष या एका शब्दाखाली आपण तीन वेगळी माणसं घालतो. पहिला बंडखोर. त्याचं पक्षाशी भांडण तिकिटापुरतं असतं, धोरणाशी नसतं. दुसरा दुसऱ्याची मतं खाण्यासाठी उभा केलेला, कधी नावाच्या सारखेपणावर, कधी चिन्हाच्या. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात, शरद पवारांच्या पक्षाच्या ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाशी मिळत्याजुळत्या चिन्हावर एका अपक्षाला ३७ हजारांहून जास्त मतं पडली, आणि तिथे जिंकणारा व हरणारा यांच्यातलं अंतर होतं सुमारे ३३ हजारांचं. इतक्या मतदारांनी त्या उमेदवाराचं म्हणणं ऐकून बटण दाबलं असेल असं मला वाटत नाही. आणि तिसरा, ज्याला खरोखर काही वेगळं म्हणायचं आहे. मला काळजी आहे ती या तिसऱ्याची. कारण तोही प्रचारात पहिल्या दोघांसारखंच बोलतो. त्याचं वेगळेपण पत्रकात कुठे सापडत नाही.

पक्षाच्या आमदाराला व्हिप असतो, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. तो मोडला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, आमदारकी जाऊ शकते. १९८५ पासून हा कायदा आहे. अपक्षाला व्हिप नाही. त्याला कायद्याने एवढीच बंदी केली आहे की निवडून आल्यावर कोणत्या पक्षात जायचं नाही; गेला तर अपात्र. पण पक्षात न जाता पाठिंबा द्यायला, काढून घ्यायला, मंत्री व्हायला त्याला कोणी अडवत नाही. ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग ज्यांच्यामुळे रूढ झाला ते हरियाणाचे गया लाल १९६७ साली अपक्ष म्हणूनच निवडून आले होते, आणि पंधरवड्यात त्यांनी तीनदा बाजू बदलली. झारखंडमध्ये मधू कोडा २००६ मध्ये अपक्ष आमदार असताना थेट मुख्यमंत्री झाले. त्यांना मत देणाऱ्यांनी असं काही होईल म्हणून मत दिलं होतं का?

मग अपक्षाला व्हिप कोणाचा? माझं म्हणणं सरळ आहे: त्याने निवडणुकीआधी जे जाहीर केलं, तोच त्याचा व्हिप. पक्षाच्या आमदाराने जाहीरनामा वाचला नाही तरी त्याला हात धरून बसवणारा कोणी असतो. अपक्षाला असं कोणी नाही, म्हणून त्याचा शब्द जास्त स्पष्ट, जास्त लेखी हवा. होतं मात्र उलटं. पक्षाचा जाहीरनामा शंभर पानांचा, आणि अपक्षाचा ‘मी तुमचाच माणूस’ एवढाच.

१९९५ आठवा. शिवसेनेचे ७३, भाजपचे ६५, बेरीज १३८. बहुमताला १४५ हवे होते आणि सभागृहात ४५ अपक्ष होते. मनोहर जोशींचं सरकार उभं राहिलं ते या अपक्षांच्या टेकूवर. त्यातले बरेच पश्चिम महाराष्ट्रातले, काँग्रेसमधून फुटून आलेले. ज्या मतदाराने काँग्रेसच्या माणसाला, फक्त पंजाविना, मत दिलं होतं, त्याचं मत युतीच्या सरकारला गेलं. पुढे १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं आणि रोख्यांतून पैसा उभा राहिला. त्यामागे या अपक्षांचा रेटा होता असं तेव्हापासून बोललं जातं. त्या भागातला शेतकरी म्हणेल की आमच्या अपक्षांनी काहीतरी मिळवलं. त्याचं बरोबर आहे. मी विदर्भातला आहे. आमच्या सिंचनाचा अनुशेष, म्हणजे इतर भागांच्या मानाने मागे राहिलेलं काम, तसाच पडून असताना ते पाहणं आम्हाला जड गेलं, हेही तितकंच खरं. पण माझा मुद्दा त्याहून वेगळा आहे. पाण्याच्या पैशाचं इतकं मोठं वळण ठरलं, ते निवडणुकीच्या मैदानात कोणी मांडलं नव्हतं. त्यावर मत मागितलं गेलं नाही, दिलं गेलं नाही. निकालानंतर बंद दाराआड जे ठरतं त्याला सौदा म्हणतात. तोच सौदा आधी चव्हाट्यावर सांगितला असता तर ते धोरण झालं असतं.

आणि चव्हाट्यावर सांगणारे अपक्ष आपण पाहिलेले आहेत. १९६२ ची उत्तर मुंबईची लोकसभा निवडणूक. एकीकडे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, नेहरूंचे उजवे हात. समोर आचार्य कृपलानी, अपक्ष. प्रजासमाजवादी, जनसंघ, स्वतंत्र पक्ष असे एकमेकांशी न पटणारे लोक त्यांच्या मागे आले होते, कारण कृपलानींची भूमिका कोणालाही चार वाक्यांत सांगता येत होती: चीनच्या बाबतीत सरकार गाफील आहे, आणि त्याला संरक्षणमंत्री जबाबदार आहेत. मुंबईच्या चाळींत सीमेवरच्या चौक्यांबद्दल वाद झडले. कृपलानी जवळजवळ दीड लाख मतांनी हरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला आणि नोव्हेंबरमध्ये मेननना राजीनामा द्यावा लागला. १९६३ मध्ये कृपलानी अमरोह्याच्या पोटनिवडणुकीत अपक्ष म्हणून निवडून आले, आणि ऑगस्टमध्ये स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव नेहरूंच्या सरकारविरुद्ध त्यांनी मांडला. ठरावाच्या बाजूने ६२ मतं, विरोधात ३४७. तोही पडला. पण अमरोह्याच्या मतदाराने या माणसाला दिल्लीला कशासाठी धाडलं होतं, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

एवढं लांब जायचंही कारण नाही. आमच्याकडे प्रा. बी. टी. देशमुख होते. अमरावती पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी तीस वर्षं ते विधान परिषदेत राहिले. मागे मोठा पक्ष नव्हता, प्राध्यापकांची नुटा ही संघटना होती. त्यांचं नाव घेतलं की आजही पहिला शब्द येतो तो अनुशेष. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्यातल्या मागास भागांचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला होता. हा आकडा समितीच्या कागदात राहून गेला असता. तो वर्षानुवर्षं सभागृहात, निवेदनांत, पुस्तिकांत जागा ठेवणाऱ्यांमध्ये सर हे मोठं नाव. राज्यघटनेच्या ३७१(२) या कलमाखाली राज्यपालांचे अधिकार काय, विदर्भ-मराठवाड्यासारख्या भागांसाठीच्या विकास मंडळांनी काय करायचं, सिंचनाच्या निधीचं वाटप कोणत्या सूत्राने व्हायचं, हे विषय सभेत टाळ्या मिळवणारे नाहीत. तरी पदवीधर त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. पदवीधरांचा मतदारसंघ वेगळा, तिथे मतदार थोडे आणि शिकलेले, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. पारावरचे ते म्हातारे पदवीधर नव्हते, आणि त्या संध्याकाळचा सगळ्यात राजकीय प्रश्न त्यांनीच विचारला.

आता ते पत्रक बघा. तिरप्या शिक्क्याखाली बारा वचनं होती. पांदण रस्ते, सभामंडप, व्यायामशाळा, स्मशानभूमीला शेड, हायमास्ट दिवे, महिलांसाठी शिलाई मशीन, अभ्यासिका. वाईट एकही नाही. पांदण रस्ता नसला की पावसाळ्यात बैलबंडी शेतात जात नाही, आणि ज्याची बंडी गाळात रुतली आहे त्याला धोरणाच्या गोष्टी सांगायचा मला हक्क नाही. पण ही कामं ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची. २०२२ पासून आपल्या बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. निवडणुका घ्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावं लागलं. सदस्यच नसले की लोक सभामंडप आमदाराकडे मागणार, हे साहजिक आहे. पण मग त्या पत्रकात तेरावं वचन का नसावं, की विधानसभेत जाऊन जिल्हा परिषदेची निवडणूक का अडली हे मी विचारीन? ते आमदाराचं काम होतं. पहिली बारा नव्हती.

सोयाबीनचंच घ्या, कारण त्या दिवशी पारावर बसलेल्या प्रत्येकाच्या घरात त्याची थप्पी लागलेली होती. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात चार हजारांच्या आसपास. आमच्या उमेदवाराने सांगितलं, “मी सोयाबीनला भाव मिळवून देईन.” हमीभाव दिल्लीत ठरतो, आमदार तो वाढवू शकत नाही, हे पारावर सगळ्यांना माहीत होतं. पण खरेदी केंद्र कुठे उघडायचं, किती उघडायची, नोंदणी कधी सुरू करायची, बारदाना वेळेवर आणायचा की नाही, हे सगळं राज्यातल्या यंत्रणेच्या हातून होतं. केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र लावतात, काटा १२ च्या वर गेला की पोतं परत. ऐन प्रचारात केंद्राने ही अट १५ टक्क्यांवर नेली. तोवर अडलेल्यांनी माल व्यापाऱ्याला घालून टाकला होता. या गोष्टींवर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारता येतो. तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, म्हणजे लक्षवेधी, लावता येते. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिलं तर ते पाळलं की नाही हे बघायला आश्वासन समिती असते. प्रश्न विचारायचा हक्क २८८ जणांना सारखा, त्यात अपक्ष कुठे कमी पडत नाही. ‘पहिल्या अधिवेशनात खरेदी केंद्रांच्या तारखांवर प्रश्न लावीन’ हे वाक्य ‘भाव मिळवून देईन’ पेक्षा छोटं दिसतं. पण पुढच्या वर्षी त्याला धरून जाब विचारता येतो.

एकटा आमदार काय करणार, असं लोक म्हणतात. मृणालताई गोरे विरोधी बाकांवर असताना त्यांनी गर्भलिंगचाचणीविरुद्ध अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने आणलेलं विधेयक, मांडलं. राज्याने १९८८ मध्ये त्यावर कायदा केला, देशात पहिला, आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. अशासकीय विधेयकं सहसा पास होत नाहीत, हे खरं. सरकारला तो विषय अंगावर घ्यायला लावणं हेच त्यांचं काम असतं.

दुसरं उदाहरण ताजं आहे. जुलै २०२५ मध्ये, नक्षलवादाला आळा घालायला म्हणून आणलेलं विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. बारा हजारांहून जास्त हरकती-सूचना आलेलं विधेयक. त्याला सभागृहात उभं राहून विरोध केला तो डहाणूचे विनोद निकोले यांनी, मार्क्सवादी पक्षाचे एकुलते एक आमदार. विधेयक बरं की वाईट यावर वाचकांत दोन मतं असतील. मला दिसतं ते हे, की डहाणूच्या मतदाराला आपला आमदार कुठे उभा राहील हे आधीच ठाऊक होतं. आवाजी मतदानात ‘हो’ आणि ‘नाही’च्या गलक्यात कोणाचं मत कुठे गेलं याची नोंदच राहत नाही. पक्षाच्या आमदाराचं निदान पक्षावरून ताडता येतं. अपक्षाचं कशावरून ताडायचं? म्हणून खऱ्या अपक्षाने पत्रकात लिहावं: प्रत्येक महत्त्वाच्या विधेयकावर मी काय केलं आणि का केलं, हे अधिवेशन संपल्यावर आठ दिवसांत गावोगावी कळवीन. याला पैसा लागत नाही, सत्ता लागत नाही.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. तो असा, की सत्तास्थापनेत कोणाकडे जाणार हे आधी सांगितलं तर अपक्षाला उभं राहायला अर्थच उरत नाही. अर्धी मतं तिथेच जातात आणि निकालानंतर त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. यात तथ्य आहे. म्हणून पक्षाचं नाव सांगितलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. अटी सांगाव्यात. ‘विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, ते जो पुन्हा आणेल आणि अनुशेषाचा हिशेब नव्याने मांडेल त्याला माझं मत, दोघांनीही नाही म्हटलं तर मी तटस्थ.’ असं बोलणाऱ्याला कोणी मतलबी म्हणणार नाही, आणि त्याचं वजनही कमी होणार नाही. उलट अट चारचौघांत मांडलेली असल्यामुळे तिच्यापासून मागे हटणं त्याला कठीण होईल, आणि समोरच्यालाही ती गुपचूप विकत घेता येणार नाही.

शिवाय २०२४ च्या निकालाने सौद्याची बाजूच मोडीत काढली. महायुतीच्या तीन पक्षांचेच २३० आमदार. विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेताप्रमाणे लागणारे २९ आमदारही कोणत्या विरोधी पक्षाकडे नाहीत. अशा सभागृहात अपक्षाच्या मताची कोणाला गरज पडत नाही. त्याच्याकडे उरतो तो त्याचा प्रश्न, त्याचा अभ्यास, आणि कोणाच्या परवानगीविना उभं राहायची मोकळीक. विरोधी बाकं इतकी रिकामी असताना ही मोकळीक लाखमोलाची आहे, आणि नेमक्या याच वेळी आमचे अपक्ष हायमास्ट दिव्यांची वचनं देत फिरत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

आमच्या त्या पोराची अनामत गेली. निकालानंतर तो गावात आला तेव्हा मी त्याला घरी बोलावलं, चहा पाजला, आणि त्याचंच पत्रक त्याच्यापुढे ठेवलं. कोऱ्या बाजूला मी पेनाने पाच प्रश्न लिहून ठेवले होते. पहिला म्हाताऱ्यांचा. बाकीचे खरेदी केंद्रांचे, विकास मंडळाचे, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे, आणि आवाजी मतदानात स्वतःचं मत जाहीर करण्याचे. त्याने दोनदा वाचले. म्हणाला, “सर, हे पारावर विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.” मग कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. दुसऱ्या प्रश्नासाठी तालुक्याच्या बाजार समितीतून तीन वर्षांच्या खरेदीच्या नोंदी मागता येतील का, असं त्याने विचारलं. माहितीच्या अधिकारात अर्ज कसा लिहायचा ते मी त्याला दाखवलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प माझ्याकडेच होता.